इंजिनाच्या झोतावर दिशा: रॉकेटं, सुखोई, सी हॅरियर आणि हायड्रॉलिक्स गेलेली विमानं

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

मंडळी, रॉकेटवर आणि लढाऊ विमानांवर इथे बरेच धागे झालेत पण या यंत्रांना दिशा नेमकी कशी देतात यावर सलग असं काही वाचलं नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

साधं विमान वळतं ते हवेच्या जिवावर. पंखांना मागच्या कडेला एलेरॉन, शेपटीला एलिव्हेटर आणि रडर, या फळ्या हलल्या की हवेचा दाब बदलतो आणि विमान कलतं, वळतं. म्हणजे हवा तर पाहिजेच, शिवाय ती बऱ्यापैकी वेगाने फळीवरून जायला पाहिजे. रॉकेट पॅडवरून सुटतं तेव्हा वेग शून्य, आणि दोन-तीन मिनिटांत ते एवढं वर जातं की हवा नावालाच उरते. मग हाताशी राहतो तो मागून निघणारा झोत. तो वापरायच्या दोन रीती आहेत, एक तर झोताचं तोंडच वळवायचं, नाहीतर इंजिनं एकापेक्षा जास्त असतील तर एका बाजूचा जोर वाढवून दुसऱ्या बाजूचा कमी करायचा, बैलगाडी वळवताना एका बैलाला आवरतात आणि दुसऱ्याला पुढे काढतात तसं. दिशा दोन्हीने मिळते. पण पहिली रीत चटकन काम करते आणि दुसरी उशिरा, आणि या उशिरापायी रॉकेटं गेलीत, माणसंही गेलीत. मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय.

आधी झोत वळवणं. जर्मनांच्या व्ही-२ मध्ये (पहिलं यशस्वी उड्डाण ३ ऑक्टोबर १९४२) झोताच्या आतच ग्राफाइटची ४ पाती बसवलेली होती, ती फिरली की झोत तिरका व्हायचा. इंजिन जेमतेम मिनिटभर जळायचं त्यामुळे ग्राफाइट तेवढा वेळ तग धरायचं, पण पाती सतत झोतात उभी म्हणजे जोर फुकट जाणार. पुढे अख्खं इंजिनच बिजागरीसारख्या सांध्यावर टांगायला लागले, त्याला गिंबल म्हणतात. नोझल दोन-चार अंश जरी कललं तरी जोराची रेषा रॉकेटच्या गुरुत्वमध्यातून जायची थांबते, शेपूट एका बाजूला ढकललं जातं आणि नाक दुसऱ्या बाजूला फिरतं. सॅटर्न ५ च्या पहिल्या टप्प्यात ५ एफ-१ इंजिनं होती, मधलं पक्कं आणि बाहेरची ४ कलणारी. त्यांना कलवणाऱ्या हायड्रॉलिक दट्ट्यांमध्ये वेगळं तेल नव्हतंच, पंपातून येणारं रॉकेटचं केरोसीनच तिथे वापरलं होतं. मला हे डिझाइन अतिशय आवडतं.

आता दुसरी रीत. त्याच काळात रशियात चंद्रासाठी एन-१ बनत होतं. पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं आणि एकही कलणारं नाही! नाक वर-खाली किंवा डावी-उजवी करायचं तर समोरासमोरच्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचा आणि एखादं इंजिन बिघडलं तर समतोल राहावा म्हणून त्याच्या समोरचंही बंद करायचं, हे सगळं कोर्ड नावाची यंत्रणा बघायची. १९६९ ते १९७२ मध्ये ४ उड्डाणं झाली, चारही फसली. सगळी काही दिशेच्या भानगडीमुळे नाही, पण जून १९७१ चं तिसरं उड्डाण मात्र सरळसरळ त्यात गेलं. रॉकेट स्वतःभोवतीच फिरायला लागलं आणि ते थांबवायची छोटी नोझलं कमी पडली. चौथ्या वेळी त्या जागी वेगळी छोटी वळणारी इंजिनं बसवली.

आणि आता ज्यासाठी खरं हा धागा काढला ते. १९ जुलै १९८९, युनायटेडची फ्लाइट २३२, डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं डीसी-१०. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिमच्या (तेलाच्या दाबाने फळ्या हलवणाऱ्या) नळ्या कापल्या. एकही फळी हलेना. राहिली पंखाखालची दोन इंजिनं आणि त्यांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांचे सहकारी, आणि योगायोगाने प्रवासी म्हणून बसलेले डीसी-१० चे प्रशिक्षक डेनी फिच. फिच कॉकपिटमध्ये गुडघ्यावर बसून दोन्ही हातांत दोन थ्रॉटल घेऊन ते विमान चालवत होते. इंजिन फुटल्यापासून जमिनीवर येईपर्यंत साधारण ४४ मिनिटं! विमान सारखं उजवीकडे वळायला बघत होतं. आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, शेवटच्या क्षणी उजवा पंख खाली गेला. २९६ जणांपैकी १८४ वाचले. नंतर सिम्युलेटरवर वैमानिकांना तेवढंही जमलं नाही.

हे एवढं अवघड का? एक तर मोठं जेट इंजिन थ्रॉटल पुढे केल्यावर लगेच उचलत नाही, खालून वर यायला काही सेकंद घेतं. दुसरं म्हणजे हायड्रॉलिक्स गेलं की विमान ज्या वेगाला ट्रिम केलेलं (म्हणजे आपोआप स्थिर राहील असं जुळवलेलं) असतं तोच वेग धरून राहतं. जोर वाढवला तर वेग वाढायच्या ऐवजी ते चढायला लागतं, कमी केला की उतरायला, आणि या चढ-उताराची एक लांब लाट तयार होते, एकेका लाटेला मिनिटभर लागतं. लाट मोडायची तर नाक वर यायच्या आधीच जोर काढायला पाहिजे आणि खाली जायच्या आधीच द्यायला. म्हणजे माणसाने सतत पुढचं बघून हात हलवायचा आणि इंजिन त्याच्याही मागून येणार. वेग तर कमी करताच येत नाही, म्हणून फ्लाइट २३२ नेहमीच्या २६० ऐवजी ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास जमिनीवर आली.

जाणकारांनी भर घालावी. सुखोई आणि इस्रोवर मुद्दामच लिहिलं नाही, इथे त्यातली माणसं आहेत.

मुक्ता_लिहिते

फार छान लिहिलंय. ट्रिमचा मुद्दा आजवर कुठे इतका स्पष्ट वाचला नव्हता. वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ओझरकर

मस्त धागा उत्तरध्रुव. सुखोईचं मी सांगतो.

आमच्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात सुखोई-३० एमकेआय बनतात, इंजिनं मात्र ओडिशात कोरापूटला. इंजिनाचं नाव एएल-३१एफपी. १९९७ ला पुण्यात लोहगावला जी पहिली सुखोई आली त्यांची नोझलं साधी होती, वळणारी नोझलं आली एमकेआयबरोबर, तीही आधी लोहगावलाच, सप्टेंबर २००२ मध्ये.

गंमत अशी की प्रत्येक नोझल एकाच पातळीत हलतं, साधारण १५ अंश इकडे आणि १५ तिकडे. मग नाक वर-खाली, डावी-उजवी आणि कुशीवर वळणं हे तिन्ही कसं जमतं? तर दोन्ही नोझलांच्या पातळ्या उभ्या नाहीत, उभ्या रेषेपासून ३२ अंश बाहेर कललेल्या आहेत, मागून बघितलं तर व्ही आकार दिसतो. दोन्ही नोझलं एकदम वर किंवा खाली गेली तर बाजूचे जोर एकमेकांना मारतात आणि फक्त नाक वर-खाली होतं. एक वर एक खाली केलं तर बाजूचा जोर शिल्लक राहतो, त्यातून वळणही मिळतं आणि कुशीवर होणंही. वैमानिक नोझल वेगळं हलवतच नाही, तो स्टिक हलवतो आणि कॉम्प्युटर ठरवतो की एलिव्हेटर किती, पुढचे छोटे पंख म्हणजे कॅनार्ड किती आणि नोझल किती.

गावावरून टेस्ट फ्लाइट जाते तेव्हा कामं सोडून बघत राहावंसं वाटतं, अजूनही.

घाटमाथा

ओझरकर, माहिती उत्तम. पण एक वेगळं मत नोंदवतो.

लढाऊ विमानात वळणाऱ्या नोझलचं कौतुक एअर शोमुळे जरा जास्तच झालंय असं मला प्रामाणिकपणे वाटतं. विमान स्टॉलच्या (नाक फार वर गेल्याने पंखांची उचल तुटते त्या कोनाच्या) पलीकडे नेऊन नाक गरकन फिरवता येतं हे खरं, पण तेवढ्यात वेग निघून जातो आणि वेग गेलेलं विमान म्हणजे दुसऱ्यासाठी सोपं लक्ष्य. राफेलला अशी नोझलं नाहीत, युरोफायटरला नाहीत, एफ-३५ए ला नाहीत. एफ-२२ ला आहेत पण ती फक्त वर-खाली, २० अंश. आजकाल हेल्मेटमधून बघून क्षेपणास्त्र सोडता येतं आणि वळायचं काम क्षेपणास्त्रच करतं. आपल्याकडच्या आर-७३ ला तर झोतात पाती आहेतच, म्हणजे व्ही-२ चीच कल्पना. माणूस बसलेलं २५-३० टनांचं विमान फिरवण्यापेक्षा शंभरेक किलोचं क्षेपणास्त्र फिरवणं केव्हाही स्वस्त.

ओझरकर

@घाटमाथा, वेग जातो हे मान्य. पण फायदा फक्त कसरतींचा नाही. फार उंचीवर हवा विरळ असते, फळ्यांचा असर कमी होतो, तिथे नोझल कामाला येतं. आणि जड शस्त्रं लादलेलं असताना कमी वेगात विमान ताब्यात राहणं ही छोटी गोष्ट नाही. एक्स-३१ या प्रायोगिक विमानावर अमेरिकन आणि जर्मनांनी मिळून हेच तपासलं होतं, झोतात कार्बनची ३ पाती घालून. त्याच विमानावर नंतर २००३ मध्ये झोताच्या मदतीने अगदी कमी वेगात, नाक बरंच वर ठेवून ते आपोआप उतरवूनही दाखवलं. म्हणजे उपयोग आहे, फक्त तो डॉगफाइटच्या व्हिडिओत दिसतो तोच एक नाही.

मुक्ता_लिहिते

माझा एक प्रश्न. पीएसएलव्हीच्या फोटोत पहिल्या टप्प्याला जे जाड बूस्टर लावलेले असतात त्यांच्या मध्ये दोन बारीक उंच टाक्या दिसतात, त्या कशासाठी? मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

मुक्ताताई, मुलाचं निरीक्षण जबरदस्त आहे. त्या टाक्या दिशा द्यायच्याच.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा, आणि एवढ्या मोठ्या घन मोटरचं नोझल हलतं ठेवणं सोपं काम नाही. म्हणून तिथे नोझल पक्कंच ठेवलंय आणि आतल्या झोतात बाजूने द्रव फवारतात. नोझलच्या भोवती २४ जागी हे फवारे आहेत. द्रव म्हणजे स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण, ते त्या दोन टाक्यांमध्ये भरलेलं असतं आणि नायट्रोजनच्या दाबाने बाहेर येतं. एका बाजूने फवारलं की तिथे झोतात शॉक वेव्ह उभी राहते, नोझलच्या त्या बाजूच्या भिंतीवर दाब वाढतो आणि अख्खं शेपूट बाजूला सरकतं. नोझल जराही न हलवता झोत वळवलाय! मुलाला नक्की सांगा.

वरचे टप्पे वेगळे. दुसऱ्यात विकास इंजिन, ते गिंबलवर ४ अंशांपर्यंत कलतं (ही विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत गोदरेजमध्ये बनतात). तिसरा पुन्हा घन पण त्याचं नोझल लवचिक सांध्यावर २ अंश हलतं, आणि चौथ्यात दोन छोटी इंजिनं, ३ अंश. म्हणजे एकाच रॉकेटमध्ये झोत वळवायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा. इस्रोने एकेक रीत शिकत शिकत हे रॉकेट घडवलंय ते असं दिसतं.

तांबडा_माळ

यात भर. नोझल कितीही चांगलं असू दे, त्याला हुकूम देणारं डोकं आणि मधली वायर शाबूत पाहिजे.

२५ डिसेंबर २०१०, जीएसएलव्ही-एफ०६. पहिल्या टप्प्यात दिशा द्यायचं काम बाजूच्या ४ द्रव बूस्टरांच्या इंजिनांकडे. साधारण ४७ व्या सेकंदाला रशियन क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी असलेले कनेक्टर निसटले आणि वरच्या कॉम्प्युटरचे हुकूम खाली इंजिनांपर्यंत पोचेनात. इंजिनं जोरात चालू, पण वळायचं कुठे ते त्यांना कळेना. रॉकेट आडवं व्हायला लागलं, तुटलं, आणि ६४ व्या सेकंदाला ते उडवून द्यावं लागलं.

आणि युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. तिथे तर वायरही शाबूत होती आणि नोझलंही. एरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला सॉफ्टवेअरचा एक तुकडा, ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये बसवायला गेला आणि मावला नाही, दिशा सांगणारे दोन्ही कॉम्प्युटर बंद पडले आणि बंद पडताना त्यांनी जो बिघाडाचा संदेश पाठवला तो मुख्य कॉम्प्युटरने खरी माहिती समजून घेतला. नोझलं थेट शेवटच्या टोकापर्यंत कलली. नोझलांनी सांगितलेलं काम चोख केलं आणि म्हणूनच रॉकेट चाळीस सेकंदांच्या आत मोडलं. आपल्या पहिल्या पीएसएलव्हीलाही (२० सप्टेंबर १९९३) पिचच्या (नाक वर-खाली करायच्या) सॉफ्टवेअरमध्ये आकडा न मावण्याच्या अशाच ओव्हरफ्लोने दगा दिला होता, तिथे रेट्रो रॉकेटंही चालली नव्हती ती वेगळी गोष्ट.

वास्को_बंदर

गोव्यातून हजेरी. हॅरियरशिवाय हा धागा पुरा कसा होणार!

नौदलाची सी हॅरियर दाबोळीला आयएनएस हंसावर होती, १९८३ च्या शेवटापासून २०१६ पर्यंत. आम्ही वास्कोची मुलं तो आवाज ऐकत मोठी झालो. विमान येतं, हळू होतं, आणखी हळू होतं आणि मग हवेत चक्क उभं राहतं, आणि घराच्या खिडक्या थरथरतात.

आतली गोष्ट अशी. पेगासस इंजिन एकच, पण झोत बाहेर पडायला ४ नोझलं, दोन पुढे आणि दोन मागे. पुढच्यांतून पंख्याची थंड हवा, मागच्यांतून जळलेला गरम वायू. चारही एकत्रच फिरतात, मागे तोंड असेल तर विमान पुढे जाणार, खाली केलं तर वर उचललं जाणार, आणि ९८ अंशांच्या थोडं पुढेही जातात म्हणजे ब्रेकसारखं. वैमानिकाला थ्रॉटलच्या शेजारी फक्त एक जास्तीचा दांडा. पण उभं राहिलेल्या विमानाला वेगच नाही, मग फळ्यांचा उपयोग शून्य. त्यासाठी इंजिनातूनच दाबाची हवा काढून नाकाला, शेपटीला आणि पंखांच्या टोकांना छोट्या नळ्यांनी नेलेली, तिथून फुसकारे सोडून तोल सांभाळायचा. म्हणजे मोठा झोत उचलायला आणि छोटे झोत वळवायला.

आणि गोव्याचा उकाडा! गरम हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो. उभं उतरताना जोर टिकावा म्हणून इंजिनात पाणी फवारायची सोय होती, पण पाणी दीड मिनिटभर पुरेल एवढंच. तेवढ्यात काय ते ठरवायचं. त्या वैमानिकांबद्दल मला अपार आदर आहे. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथे एक सी हॅरियर ठेवलंय, गोव्यात याल तेव्हा नोझलं जवळून बघा.

कढीपत्ता

सगळं वाचून काढलं, दंडवत. माझा प्रश्न परत त्या डीसी-१० वर येतो. रॉकेटमध्ये कॉम्प्युटर हे करतो, सुखोईत करतो, मग प्रवासी विमानात थ्रॉटलने दिशा द्यायचं काम कॉम्प्युटरला का देत नाहीत? हायड्रॉलिक्स गेलं की बटण दाबायचं.

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

करून झालंय! नासाच्या ड्रायडन केंद्रात बिल बर्कम यांनी फ्लाइट २३२ नंतर यावरच काम केलं. आधी एफ-१५, एप्रिल १९९३ मध्ये फक्त इंजिनांच्या जोरावर उतरवलं. मग २९ ऑगस्ट १९९५ ला चक्क एमडी-११, डीसी-१० चाच पुढचा अवतार, गॉर्डन फुलर्टन यांनी एडवर्ड्सच्या हवाई तळावर उतरवलं. वैमानिक फक्त सांगतो की अमुक कोनात उतरायचंय आणि अमुक दिशेला वळायचंय, थ्रॉटलचं कॉम्प्युटर बघतो. इंजिन उशिरा उचलतं हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे ती लांब लाट तो तयारच होऊ देत नाही. सगळी करामत मुख्यतः सॉफ्टवेअरची.

आणि एवढं होऊनही ते प्रवासी विमानांत आलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. २२ नोव्हेंबर २००३ ला बगदादहून उडालेल्या डीएचएलच्या एअरबस ए-३०० ला क्षेपणास्त्र लागलं, डावा पंख पेटलेला, हायड्रॉलिक्स पूर्ण गेलं, आणि तिघांनी ते विमान हातांनी थ्रॉटल मारत परत धावपट्टीवर आणलं. तिघेही वाचले. पण तेव्हा एमडी-११ चं लँडिंग होऊन आठ वर्षं झाली होती!

घाटमाथा

उत्तरध्रुव, तळमळ समजते, पण दुसरी बाजू बघा. तिन्ही-चारही हायड्रॉलिक सिस्टिम एकदम जाणं हे दशकांत एखाद्या वेळी होतं. त्यासाठी प्रत्येक मॉडेलला सॉफ्टवेअर लिहायचं, सर्टिफाय करायचं, आणि ते चुकून नको तेव्हा चालू होणार नाही याची हमी द्यायची. तांबडा_माळ यांनी एरियानचं जे सांगितलं तोच धोका इथेही. त्यापेक्षा हायड्रॉलिक्स जाऊच नये हे बघितलं. डीसी-१० ला नंतर शेपटीतल्या नळीत फ्यूज बसवला, तिथे नळी फुटली तरी सगळं तेल वाहून जात नाही. मला हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो.

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

फ्यूज हवाच, त्यावर वाद नाही. पण १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या १२३ चं शेपूट गेलं, १९८९ ला इंजिन फुटलं, २००३ ला क्षेपणास्त्र. तिन्ही वेळा कारण वेगळं आणि परिणाम तोच. पुढचं कारण काय असेल ते आधी कळत नाही म्हणूनच शेवटचा उपाय विमानात असावा. जपानच्या त्या विमानात ५२० माणसं गेली, वैमानिक अर्धा तास थ्रॉटलशी झगडत होते. सर्टिफिकेशनचा खर्च मला माहीत आहे, तरीही माझं मत बदलत नाही.

मुक्ता_लिहिते

मुलाला टाक्यांचं सांगितलं, फार खूश झाला. लगेच पुढचा प्रश्न: चांद्रयानचा लँडर कोणत्या प्रकारात? तिथे तर हवाच नाही.

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

तो मुख्यतः जोर कमी-जास्त करणाऱ्यांत. विक्रमला खाली ८०० न्यूटनची ४ इंजिनं, जोर बदलता येणारी, आणि तोल सांभाळायला छोटे थ्रस्टर वेगळे. उतरताना आडवा वेग मारायला लँडर कललेला असतो, मग हळूहळू उभा होतो, म्हणजे इथे झोत वळवायला अख्खं यानच वळवायचं.

२०१९ ला चांद्रयान-२ चं जे बिघडलं ते इथेच. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी नंतर सांगितलं होतं की इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, फोटो काढायच्या टप्प्यात यान स्थिर ठेवायचं असल्यामुळे चुका साचत गेल्या, आणि त्या एकदम सुधारायला यानाला फार वेगाने वळायला पाहिजे होतं पण सॉफ्टवेअरने वळायच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. चांद्रयान-३ ला ती मर्यादा वाढवली, मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन जास्त दिलं, वेग मोजायला लेझरचं उपकरण बसवलं आणि उतरायची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनाऐवजी ४ बाय २.४ किलोमीटरची घेतली. २३ ऑगस्ट २०२३ चं लँडिंग मुलाने बघितलं असेलच, परत लावून द्या आणि त्याला सांगा की उतरायच्या शेवटच्या टप्प्यात स्क्रीनवर आडव्या वेगाचा आकडा कसा उतरत जातो तेवढाच बघ.